चर्चगेट ते सीएसएमटी: विद्यापीठांचे साचे दाखवणारी अर्ध्या दिवसाची पायपीट

ऑक्सफर्ड, कोलंबिया, बर्लिन ही नावं क्रमवारीच्या तक्त्यात वाचून त्यांच्यातला फरक कळत नाही. शिकवतं कोण, परीक्षा घेतं कोण आणि पदवीवर नाव कोणाचं, यात तो असतो. दक्षिण मुंबईच्या या फेरीत तो नीट उलगडतो, म्हणून परदेशी अर्ज करणाऱ्यांनी ती जरूर करावी. अंतर जेमतेम चार किलोमीटर. रविवार आणि सुट्ट्या टाळा, ओळखपत्र जवळ ठेवा.

चर्चगेटहून आधी उत्तरेला, न्यू मरीन लाइन्सच्या एसएनडीटीकडे जा. अण्णासाहेब कर्व्यांनी हे महिला विद्यापीठ १९१६ मध्ये पुण्यात काढलं, तेव्हा त्यांच्यासमोर टोकियोच्या महिला विद्यापीठाचा नमुना होता. शिकवायचं मातृभाषेतून, हा कर्व्यांचा आग्रह. केंब्रिजने स्त्रियांना पूर्ण पदवी द्यायला १९४८ साल उजाडलं, हे लक्षात घेतलं की या कामाची उंची कळते. काम नसताना आत सोडतीलच असं धरून चालू नका. इमारत बाहेरून पाहून ओव्हल मैदान गाठा.

ओव्हलवरून मुंबई विद्यापीठाच्या जुन्या आवारातला राजाबाई टॉवर सकाळी पाहिला तर सूर्य त्याच्या मागे असतो आणि दगडावरचं कोरीवकाम काळपट दिसतं. फोटो हवे असतील तर फेरी दुपारी तीननंतर सुरू करा, पश्चिमेचं ऊन थेट दर्शनी भागावर येतं. मात्र आत जायचं असेल तर सकाळच बरी, कारण परवानगी देणारं कार्यालय तेव्हा गाठता येतं. आवाराची एक बाजू कर्मवीर भाऊराव पाटील मार्गावर, दुसरी महात्मा गांधी रोडवर आहे. ज्या फाटकातून प्रवेश चालू असेल तिथे चौकशी करा. टॉवरवर चढू देत नाहीत. ग्रंथालयासाठी आधी विचारावं लागतं. दीक्षान्त सभागृह कार्यक्रम नसेल तर बहुतेक बंदच असतं. त्याच्या गोल खिडकीत रंगीत काचेच्या बारा राशी आहेत, पण बाहेरून ती काच काळीच दिसते. रंग खुलतात ते आतून, उजेड पलीकडून आला की.

हे सभागृह १८७४ चं. आराखडा इंग्रज वास्तुविशारद गिल्बर्ट स्कॉटचा, आणि तो मुंबईत कधी आलाच नाही. नकाशे लंडनहून आले. विद्यापीठाचा साचाही लंडनचाच. १८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई आणि मद्रास ही तिन्ही विद्यापीठं लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर निघाली: शिकवायचं कॉलेजांनी, परीक्षा आणि पदवी विद्यापीठाची. म्हणूनच इथे एवढं देखणं सभागृह आणि ग्रंथालय दिसतं, जुने वर्ग मात्र सापडत नाहीत. १८६२ मध्ये रानडे आणि भांडारकर पहिल्या तुकडीत पदवीधर झाले ते एल्फिन्स्टन कॉलेजमध्ये शिकून. विद्यापीठाचा स्वतःचा समाजशास्त्राचा विभाग स्कॉटिश अभ्यासक पॅट्रिक गेडिस यांच्या हाताखाली सुरू झाला तो थेट १९१९ मध्ये.

इथे बागेत थोडं थांबून तुलना करावी. ऑक्सफर्डलाही परीक्षा विद्यापीठच घेतं, पण प्रवेश कॉलेज देतं आणि तिथे शिक्षक दोन-तीन विद्यार्थ्यांना समोर बसवून त्यांनी लिहून आणलेल्या निबंधावर उलटतपासणी घेतात. आपल्याकडे कॉलेज आणि विद्यापीठ ही रचना आली, हा समोरासमोरचा तास आला नाही. माझ्या मते सगळ्यात मोठं नुकसान तेच. बर्लिनने १८१० मध्ये तिसरीच वाट धरली: जो संशोधन करतो त्यानेच शिकवायचं. ती वाट अमेरिकेत ठामपणे रुजवली १८७६ च्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने.

तिथून काळा घोड्याला पाच-सात मिनिटांत पोहोचता. एल्फिन्स्टन कॉलेज आता मुंबई विद्यापीठात नाही. २०१९ पासून ते डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठाचा भाग आहे. जुने संदर्भ वाचून आलेल्यांचा इथे हमखास गोंधळ होतो.

परत फोर्टात येऊन दादाभाई नौरोजी रोडवरचं सिद्धार्थ कॉलेज पाहा. बाबासाहेबांनी स्थापलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते १९४६ मध्ये काढलं. बाबासाहेब एल्फिन्स्टनचे, मग कोलंबियाचे, मग लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे. कोलंबियात तेव्हा प्रबंध छापून त्याच्या प्रती दिल्याशिवाय पीएचडी हाती पडत नसे. त्यांचा प्रबंध १९२५ मध्ये छापला गेला आणि पदवी १९२७ मध्ये मिळाली. लंडनची डीएस्सी त्याआधीच, १९२३ मध्ये आली होती. अर्ज करताना म्हणूनच विद्यापीठाच्या नावापेक्षा विभागाची नियमावली आधी वाचा: प्रबंध कोण तपासतं, अभ्यासक्रमाचे किती तास सक्तीचे, मार्गदर्शक कधी ठरतो.

सीएसएमटी इथून दहा मिनिटांवर आहे. मुंबई विद्यापीठाचं कालिन्याचं आवार आणि पवईचं आयआयटी याच दिवसात कोंबू नका. दोन्ही आवारं मोठी आहेत आणि फाटकावर कुणाला भेटायचंय ते सांगावं लागतं. पावसाळ्यात ओव्हलमधल्या पायवाटेवर चिखल होतो, तेव्हा मैदानाला वळसा घालून फुटपाथने जा.