1966 च्या फोर्ड मस्टँगचे ब्रेक, चाकं आणि सस्पेन्शन : माझा अनुभव

मिशिगनमध्ये जुनी मस्टँग घेतली की जो तो एकच विचारतो, इंजिन कुठलं. माझं 289 (घन इंच) V8, टू बॅरल कार्ब्युरेटरचं, 200 हॉर्सपॉवर, आणि त्याला मी हातही लावलेला नाही. पळायला ती पळतेच हो, बोंब होती ती थांबायची. चारही चाकांना 10 इंची ड्रम ब्रेक, वर मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने ब्रेक ऑइल ढकलणारा) एकाच खणाचा, म्हणजे कुठेही एक लाइन फुटली की चारही ब्रेक गेले. दोन खणांचा आला तो 67 पासून. म्हणून पुढच्या चाकांसाठी डिस्क ब्रेकचं किट घ्यायचं ठरवलं.

बरेच जण आधी चाकं घेतात, फोटोत तीच दिसतात ना. पण कॅलिपर, म्हणजे डिस्कला चिमटीत धरणारा भाग, केवढा आहे हे कळल्याशिवाय रिम घेण्यात काय अर्थ? मी किटसोबतचं टेम्प्लेट प्रिंट करून पुठ्ठ्यावर चिकटवलं, कापलं आणि दुकानात रिमच्या आत धरून फिरवून बघितलं. दुकानदार हसत होता, पण जी 15 इंची रिम मनात भरली होती तिच्या स्पोकलाच पुठ्ठा घासला, मग 17 इंची घेतली. पुढे डिस्क, मागे ड्रम तसेच. प्रपोर्शनिंग व्हॉल्व्हवर (मागच्या ब्रेकचा दाब कमी ठेवणारा) मात्र पैसे वाचवू नका, नाहीतर जोरात ब्रेक मारला की मागची चाकं आधी लॉक होतात आणि गाडी गिरकी घेते.

सस्पेन्शनचं काम खरं जिकिरीचं. या गाडीत कॉइल स्प्रिंग वरच्या कंट्रोल आर्मवर (चाकाला बॉडीशी जोडणारा दांडा) बसते, त्यामुळे शॉक अॅब्सॉर्बर काढून तो ज्यात बसतो त्या टॉवरच्या वरून स्प्रिंग दाबायचा कॉम्प्रेसर आत सोडायचा आणि हळूहळू आवळत जायचं, दाबलेली स्प्रिंग म्हणजे साक्षात यम, तिच्यासमोर तोंड नेऊच नका. आर्म बाहेर होताच म्हणून टॉवरवरची त्याच्या बोल्टची भोकं 1 इंच खाली पाडून घेतली. याला शेल्बी ड्रॉप म्हणतात, डोकं मूळचं फोर्डचे इंजिनियर क्लाउस आर्निंग यांचं. याने वळणावर बाहेरचं चाक वरून बाहेर कलंडायचं ते बरंच कमी होतं. मागच्या लीफ स्प्रिंगचे बोल्ट इकडे बर्फासाठी रस्त्यावर टाकतात त्या मिठाने असे गंजलेले की ऑइल, हातोडा सगळं करून शेवटी ग्राइंडरच लावला. नवीन बुशचे (सांध्यातल्या रबरी नळ्या) बोल्ट फायनल टाइट करायचे ते गाडी स्वतःच्या वजनावर उभी असताना, जॅकवर नाही, नाहीतर रबर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

अलाइनमेंटवाल्याच्या कॉम्प्युटरात 1966 चेच आकडे, ते जुन्या पद्धतीच्या बायस प्लाय टायरचे, आजच्या रेडियल टायरला काय कामाचे! मी चिठ्ठी दिली, कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) अर्धा डिग्री निगेटिव्ह, म्हणजे वरून आत, कास्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा पुढे-मागे कल) जमेल तेवढा पॉझिटिव्ह, म्हणजे वरून मागे, 2 डिग्रीच्या पुढे गेला तर उत्तम. 66 ला हे सगळं वरच्या आर्मच्या शिम (पातळ पट्ट्या) घालून-काढूनच होतं, तो वैतागला, पण केलं त्याने.

आता हायवेला स्टिअरिंग सरळ राहतं. पेडल अजून जड आहे, पेडल हलकं करणारा बूस्टर मुद्दामच लावला नाही. बायको म्हणते लाव, पण ती कुठे ही गाडी चालवते!