आमची वाटचाल : महालातल्या अल्टरेशनच्या टेबलापासून जीन्सच्या दुकानापर्यंत

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या दुकानात आधी जीन्स विकायला नव्हतीच. होती ती लोकांनी दुसरीकडून घेतलेली आणि पिशवीत कोंबून आणलेली. मामाजी, म्हणजे माझे सासरे, फुलपँट आणि सफारीचे कारागीर. लग्नसराईत रात्री उशिरापर्यंत मशीन चालायची. मग रेडिमेडचा जोर वाढला, कापड घेऊन येणारे गिऱ्हाईक पातळ झाले आणि मामाजींनी पाटीवर ‘येथे जीन्स अल्टर करून मिळेल’ एवढी ओळ वाढवून घेतली. पुढे कैक वर्षं त्या ओळीनंच घर चालवलं.

अल्टरेशनमध्ये पैसा बेताचा, पण नागपूरकरांना कपडा नेमका कुठे बसत नाही हे त्या टेबलावर रोज कळायचं. लांबी कमी करायला येणारे सगळ्यात जास्त. त्यातही ‘खालचा ओरिजिनल फोल्ड तसाच ठेवा’ म्हणणारे वेगळे. त्यांचं काम वेळखाऊ, मजुरीही वेगळी. डेनिमला 16 किंवा 18 नंबरची सुई लागते, तरी बाजूच्या जाड शिवणीवर ती मोडतेच. खिशाजवळच्या रिवेटवर, म्हणजे तिथल्या धातूच्या टिकलीवर, आपटली तर विचारूच नका. गंमत म्हणजे ही रिवेट आणली एका शिंप्यानंच. जेकब डेव्हिस त्याचं नाव. कापड पुरवणारा व्यापारी लेव्ही स्ट्रॉस याच्यासोबत त्याला 20 मे 1873 ला अमेरिकेत तिचं पेटंट मिळालं. आमचे मास्टर सुई मोडली की आजही त्याचा उद्धार करतात.

2000 नंतरची वर्षं लो-राइजची, म्हणजे कमरेच्या खाली बसणाऱ्या जीन्सची. कॉलेजच्या मुली सीताबर्डीवरून नवीकोरी जीन्स घ्यायच्या आणि आठवड्याच्या आत आमच्याकडे यायच्या. तक्रार ठरलेली, “काकू, गाडीवर बसलं की मागून उघडं पडते. वरून दोन इंच वाढवून द्या ना जी.” मामाजी चष्म्यावरून पाहायचे आणि म्हणायचे, “पोरी, कपडा कुठून आणू?”

आमच्या धंद्याचं गणित त्या प्रश्नात आहे. जीन्सची कंबर मागून टाका घेऊन कमी होते, शिवणीत माया, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, असेल तर थोडी वाढतेही. मोहरी, म्हणजे पायाचा खालचा घेर, बारीक होते, लांबी कापता येते. आसन मात्र वाढत नाही. आसन म्हणजे दोन्ही पाय जुळतात त्या शिवणीपासून पट्ट्याच्या वरच्या काठापर्यंतचं माप. ते पुढून साधारण 7-8 इंच असेल तर लो-राइज, 9 च्या आसपास मिड, 10 च्या वर गेलं की हाय. मागचं माप पुढच्यापेक्षा तीन-चार इंच जास्त असावं लागतं, कारण बसल्यावर ताण मागेच येतो. स्टिकरवर कंबर आणि लांबी छापलेली असते, आसन सहसा नसतं. म्हणजे जे नंतर दुरुस्त होत नाही, तेच घेताना कोणी पाहत नाही.

विकायला सुरुवात केली ती या एका गोष्टीवर. आधी गांधीबागेतून ठोकमध्ये थोडा माल उचलला, मग कर्नाटकातल्या बल्लारीहून मागवू लागलो. मी फीत घेऊन एकेका नगाचं पुढचं-मागचं आसन मोजायची आणि खडूनं लेबलवर लिहायची. माल देणारे हसायचे. गिऱ्हाईक मात्र लेबल वाचायचं आणि विचारायचं, हे काय आहे?

मग सांगावं लागायचं, आणि सांगता सांगता आमचेही काही ठोकताळे पक्के झाले. लोक समजतात की बारीक असेल त्यानं लो-राइज घालावी आणि जाड असेल त्यानं हाय-राइज. असं नाही. पहिल्यांदा धड पाहायचं, म्हणजे छातीच्या पिंजऱ्यापासून कमरेच्या हाडापर्यंत जागा किती आहे ते. ती कमी असेल तर हाय-राइजचा पट्टा बसल्यावर थेट बरगडीखाली रुततो. अशा मुलीला, मग ती कितीही सडपातळ असो, मिड किंवा लोच बरी. धड लांब आणि पाय आखूड असतील तर हाय-राइज पाय लांब दाखवते. पाच फुटांच्या आतबाहेर उंची असलेल्या बायकांना दुकानदार सर्रास हाय-राइज गळ्यात मारतात. पण 11-12 इंचाचं आसन त्यांच्या बेंबीच्याही वर जातं. त्यांना 10 पुरतं.

कंबर बारीक आणि मांड्या-नितंब भरलेले, ही ठेवण आपल्याकडे खूप. इथे हाय-राइज छान दिसते, पण सरळ कापलेला पट्टा असेल तर मागे हात जाईल एवढी फट राहते. पट्टा गोलाईत कापलेला हवा, आणि मागच्या व्ही आकाराच्या जोडाला, ज्याला योक म्हणतात, चांगला बाक हवा. पोट पुढे असेल तर कडक, जाड डेनिमची हाय-राइज म्हणजे शिक्षा. तिथे रुंद पट्ट्याची, थोड्या स्ट्रेचची मिड. लो-राइजमध्ये पोट पट्ट्यावरून बाहेर लोंबतं आणि उगाच आहे त्यापेक्षा जास्त दिसतं. मागून सपाट असणाऱ्यांना फार उंच पट्टा घालू नये. पाठच लांबलचक दिसते. मिड घ्यावी आणि मागचे खिसे जरा मोठे, वरच्या बाजूला असलेले बघावे. सिझर झालेल्या बायका बहुतेक स्वतःच सांगतात, खालचा पट्टा टाक्यांवर घासतो म्हणून.

पुरुषांचं वेगळंच. पन्नाशीतले भाऊ पोटाखाली पट्टा आवळतात, 34 घालतो म्हणून सांगतात आणि दिवसभर जीन्स वर ओढत फिरतात. त्यांना मी मागचं आसन जास्त असलेली मिड-राइज देते आणि कमरेचा आकडा बोलतच नाही. तसाही आकड्यावर भरवसा नाही. कितीतरी ठिकाणी 32 छापलेली जीन्स फितीवर 34 भरते. शिवाय लो-राइजचा पट्टा खाली, रुंद भागावर बसतो, म्हणून एकाच बाईला हाय-राइज 30 ची आणि लो-राइज 32 ची लागू शकते.

ट्रायल रूममध्ये आम्ही आरशासोबत एक लाकडी स्टूल ठेवला आहे. उभ्यानं सगळ्याच जीन्स चांगल्या दिसतात. स्टुलावर बसा, पुढे वाका, चप्पल उचलल्यासारखं करा, मग बोला. स्ट्रेचची असेल तर थोडी घट्टच घ्या, दिवसभरात सैल होते. या स्टुलामुळे हातची विक्री जाते, असं आमच्या मास्टरांचं अजूनही मत आहे. जात असेल. पण बदलून मागायला येणारे कमी झाले, हे तेही मान्य करतात.

लॉकडाऊननंतर 2020 मध्ये विक्री थंड होती, पण अल्टरेशनचं टेबल भरून वाहत होतं. कंबर सैल करायला सगळं गाव लोटलं होतं. त्या पैशांतूनच मागच्या खोलीत दोन मशीन टाकल्या, आणि आता थोडा माल आमच्याच मापानं शिवतो. उन्हाळ्यात इथे पारा 45 च्या वर जातो, तेव्हा 12-14 औंसाच्या, म्हणजे जाड वजनदार डेनिमला हात लावायची कोणाची हिंमत नाही. एप्रिलपासून 8-9 औंसाचं हलकंच कापड, आणि हाय-राइज त्यातल्या त्यात कमी, कारण रुंद पट्ट्याखाली घामोळं येतं.

आता लो-राइज परत आली आहे, सैल पायांची. एजंट येतात, “ताई, हेच चालू आहे, उचलून घ्या.” घेते, पण मोजकी. या वेळी मागचं आसन दीड इंच वाढवून मागवली आहे. पुढून फॅशन राहील, मागून गाडीवर बसता येईल.

दुकानात येताना घरातली सगळ्यात आवडती, विटलेली का असेना, जुनी जीन्स सोबत आणा. तिचं आसन मोजून त्यावरून नवीन काढून देतो. मोजायचे पैसे घेत नाही. मंगळवारी बंद असतं.