"अरे भो, चप्पल हुंगव त्याला!"

जळगावात आज भर दुपारी रस्त्याकडेला एका पाळीव कुत्र्याला फिट आली आणि गर्दीतून पहिला सल्ला आला तो हा. दुसरा कांद्याचा. तिसऱ्याने तोंडात चमचा घालायला सांगितलं.

घड्याळ मात्र कुणीच पाहिलं नाही. खरं तर तेच आधी पाहायचं. बहुतेक झटके दोनेक मिनिटांत आपोआप थांबतात. ५ मिनिटं ओलांडली, किंवा २४ तासांत दुसरा झटका आला, तर थेट डॉक्टर गाठायचा. कुत्रा जीभ गिळत नाही. तोंडात हात घातला तर तो नकळत चावतो. दगड, पायरी, खुर्ची बाजूला सरकवा, जमल्यास व्हिडिओ काढा. निदानाला तो फार कामी येतो.

आपल्याकडे उन्हाळ्यात आणखी एक भानगड. लांबलेल्या झटक्यात अंग तापतं, त्यात खानदेशचं ऊन. पोट आणि पंजे साध्या पाण्याने ओले करा, पंखा लावा. बर्फ नको. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत पाणी पाजू नका, ठसका लागून फुफ्फुसात जातं.

नंतर तो काही वेळ आंधळ्यासारखा धडपडतो, मालकावरही गुरगुरतो. लाड नंतर करा.

फेनोबार्बिटोन (फिट रोखायची गोळी) चालू असेल तर दर १२ तासांनी, वेळ पाळून. रक्तातली पातळी स्थिरावायला साधारण दोन आठवडे लागतात. "आता बरा आहे" म्हणून गोळी अचानक बंद केली की झटके जोरात उलटतात. लग्नसराईत गावाला जाताना गोळ्या घरीच राहतात, हे तर नेहमीचंच!

धुळे, नंदुरबार, भुसावळकडे रात्री जनावरांचा डॉक्टर कुठे मिळतो, कुणाला माहीत आहे का?