प्लॅनेट १:१६ : रिव्हर्स लागला एकदाचा!

मंडळी, प्लॅनेट उलटी फिरली! प्लॅनेट म्हणजे रॉबर्ट स्टीफन्सनचं १८३० सालचं वाफेचं रेल्वे इंजिन, आणि मी करतोय ते त्याचं सोळाव्या हिश्शाचं चालतं मॉडेल. गाडी अजून ठोकळ्यांवरच आहे, चाकं अधांतरी, आणि वाफेऐवजी कंप्रेसरची हवा. पण पेडल दाबलं, दांडे हाताने दोनदा खालीवर केले, डॉग (ॲक्सलवरचा खुंटा) ‘खट्’ करून खाचेत बसला आणि गॅब (रॉडच्या टोकाच्या आकड्या) खाली सोडल्या सोडल्या फूटप्लेटवरचे, म्हणजे ड्रायव्हरच्या उभं राहायच्या जागेवरचे, दोन्ही दांडे आपले आपण नाचायला लागले. बायको पाहायला आली, म्हणाली, “एवढ्यासाठी?” हो, एवढ्यासाठीच.

मागच्या वेळी ‘पुढे झकास, मागे ठणठणाट’ एवढंच लिहून थांबलो होतो. आता सविस्तर.

या इंजिनाचा रिव्हर्स म्हणजे अस्सल १८३० सालचं डोकं. स्टीफन्सनच्या कारखान्यातून लिंक मोशन (एका दांड्याने दिशा बदलणारी यंत्रणा) बाहेर पडायला अजून बारा वर्षं होती. प्लॅनेटला एक्सेंट्रिक (रॉडमार्फत व्हॉल्व्ह हलवणाऱ्या, केंद्र सरकवलेल्या चकत्या) दोनच, दोन्ही एकाच स्लीव्हवर (नळीवर) पक्के, आणि स्लीव्ह क्रँक ॲक्सलवर सैल. तिच्या दोन अंगांना ॲक्सलवर घट्ट आवळलेले दोन डॉग, एक पुढचा, एक मागचा. ड्रायव्हरने पायाने पेडल दाबून स्लीव्ह आडवी सरकवायची, एक्सेंट्रिक रॉड उचलून मोकळे करायचे, हाताने दांडे मारत व्हॉल्व्ह चालवायचे आणि गाडी हलवायची. ॲक्सल योग्य जागी आला की डॉग खाचेत पडतो, मग रॉड परत खाली. हे सगळं उघड्यावर उभं राहून, इंग्लंडच्या पावसात. त्या माणसांना साष्टांग नमस्कार.

या भूमितीची मला अजून गंमत वाटते. माझ्या व्हॉल्व्हला थोडा लॅप आहे (व्हॉल्व्हची कड वाफेच्या भोकाच्या जराशी पलीकडे जाते), त्यामुळे एक्सेंट्रिक क्रँकच्या ९० नव्हे, १०२ अंश पुढे. उलट जायचं तर तो १०२ अंश दुसऱ्या बाजूला हवा. म्हणजे स्लीव्हने ॲक्सलच्या हिशेबात १५६ अंश (३६० वजा दोनदा १०२) सरकायचं. दुसऱ्या सिलिंडरचा क्रँक ९० अंशांवर. त्याचं गणित मांडून पाहा, तिथेही उत्तर १५६च येतं. म्हणून दोन्ही एक्सेंट्रिक एका स्लीव्हवर चालतात. सिलिंडर दोन, दिशा दोन, आणि सगळ्याला एकच सैल नळी!

म्हणजे स्लीव्ह जागच्या जागी थांबली, तर ॲक्सलने अर्धी फेरी पुरी करायच्या आतच डॉग बसायला हवा. माझं मोठं चाक ९५ मि.मी.चं (मूळ ५ फुटांचं), म्हणजे रुळावर जेमतेम १३ सें.मी. अंतर. प्रत्यक्षात दांडे मारून मारून हात दुखले, चाक फेऱ्यांवर फेऱ्या घेतंय आणि डॉगचा पत्ता नाही. आधी खाचेच्या कडांवर संशय घेतला, त्या गोल केल्या. पेडलची स्प्रिंग बदलली, कडक लावली, मग नरम लावली. डॉगची पिन पॉलिश केली. ढिम्म.

शेवटी स्लीव्हवर मार्करने पांढरी रेघ मारली आणि टॉर्च लावून खालून बघत बसलो. रेघ ॲक्सलबरोबर गोल गोल फिरत होती! स्लीव्ह थांबतच नव्हती, मग डॉग तिला गाठणार कधी? रीमरने (भोक अचूक मापाचं करणाऱ्या हत्याराने) काढलेलं सुंदर भोक, वर मुद्दाम घातलेलं जाड तेल. तेलाच्या त्या पातळ थरानेच स्लीव्ह ॲक्सलला चिकटवून टाकली होती. मूळ इंजिनात स्ट्रॅप (एक्सेंट्रिकभोवतीच्या कड्या) आणि रॉड चांगले वजनदार लोखंडाचे, त्यांच्या ओझ्याने स्लीव्ह मागे राहत असणार. लांबी सोळाव्या हिश्शाची झाली की वजन चार हजाराव्या हिश्शाचं होतं. तेल मात्र स्केलमध्ये मिळत नाही.

उपाय दोन केले. एक, स्लीव्हच्या भोकात मधला भाग बोअरिंग टूलने थोडा मोकळा केला, फक्त दोन टोकांना अरुंद पट्ट्या ठेवल्या. भोक सगळं सैल केलं असतं तर एक्सेंट्रिक डुलले असते. तेलही शिलाई मशीनचं, पातळ. दोन, स्लीव्हच्या पाठीवर चामड्याचा छोटा तुकडा, पितळी पत्तीच्या स्प्रिंगने हलकासा टेकवलेला. बस्स. आता रेघ थांबते, ॲक्सल फिरतो, डॉग बसतो. पुढे, मागे, परत पुढे. दुपारभर दुसरं काही केलं नाही.

ही सगळी कसरत दोन क्रँकांच्या मधल्या २७ मि.मी. जागेत आहे, आणि तिथे ती अडकली याला कारण खुद्द रॉबर्ट स्टीफन्सन. ‘रॉकेट’ या आपल्या आधीच्या इंजिनानंतर वर्षभरात त्याने सिलिंडर बाहेरून काढून पुढे, स्मोकबॉक्सखाली आत घेतले. फायदे उघड होते. इंजिनाचं डोलणं कमी झालं, सिलिंडर उबेत राहिल्याने वाफेचं पाणी होणं कमी झालं. नोव्हेंबर १८३० मध्ये याच इंजिनाने लिव्हरपूल ते मँचेस्टर तासाभरात गाठलं आणि ४ डिसेंबरला सुमारे ८० टनांची मालगाडी ओढली. (एडवर्ड बरीच्या ‘लिव्हरपूल’ इंजिनालाही त्याच वर्षी आत सिलिंडर होते, आणि आधी कोण हा वाद अजून मिटलेला नाही. मला विचाराल तर बरीची बार फ्रेम दिसायला जास्त देखणी. आता द्या शिव्या.)

किंमत मोजली ती क्रँक ॲक्सलने. ओढायचं त्यानेच, वजनही त्यानेच पेलायचं, आणि त्या काळचं घडीव लोखंड. म्हणून बाहेर लाकडाला दोन्हीकडून लोखंडी पत्रे मारलेली सँडविच फ्रेम, आणि आत पिस्टनचा धक्का सोसायला वेगळ्या फ्रेमा, त्यांनाही बेअरिंग. एवढं करूनही ॲक्सल मोडायचेच, आणि मोडला की चारचाकी इंजिन बसकण मारणार. १८३३ मध्ये ‘पेटंटी’ या त्याच्या पुढच्या इंजिनाला मागे तिसरा ॲक्सल आला तो यामुळे. माझा ॲक्सल तुकड्यांचा आहे. ईएन ८ पोलादाच्या पट्ट्या, सिल्व्हर स्टीलच्या पिना, लॉकटाइट आणि वर आडव्या टेपर पिना. डायल गेज लावली तर सुई जेमतेम हलते. याचा फोटो मी फ्रेम करून लावणार आहे.

सामानाबद्दल दोन शब्द. क्रँकच्या पट्ट्या भोसरीत एकाकडे वायरकटला (विजेच्या तारेने कापायला) दिल्या होत्या, ‘उद्या या’ ऐकून कान किटले, पण काम एक नंबर. गनमेटलचे गोल तुकडे बोहरी आळीत वजनावर मिळतात. भाव करा आणि कानस मारून बघा, पितळ गनमेटल म्हणून खपवतात. चायनीज मिनी लेथला नावं ठेवणाऱ्यांनी आधी त्याच्या गिब (सरकत्या भागांची ढिलाई घालवणाऱ्या पट्ट्या) नीट आवळून पाहाव्यात. आणि स्वस्त रीमर घेऊ नका. हात जोडून सांगतो.

पुढचा बेत रंगाचा होता, पण हे लिहिता लिहिताच एक सुचलं. तो चामड्याचा तुकडा डोळ्यांना खुपतोय, मूळ इंजिनात असलं काही नव्हतं. त्याऐवजी स्ट्रॅपच्या आतल्या अंगाला खाच पाडून त्यात नमद्याची पट्टी बसवली तर? रॉड उचललेले असले तरी स्ट्रॅप फिरू शकत नाहीत, म्हणजे ब्रेकचं काम तेच करतील, नमदा तेलही धरून ठेवेल आणि बाहेरून काहीच दिसणार नाही. जोर लागेल तोही मुळात जिथे लागायचा तिथेच. म्हणजे रंग गेला पुढे. स्ट्रॅप परत लेथवर.

मागे कुणीतरी विचारलं होतं, प्लॅनेटच का, आपली ठाण्याची गाडी का नाही? ती १८५३ ची २-४-० (पुढे दोन छोटी, मागे चार मोठी चाकं) इंजिनं व्हल्कन फाउंड्रीची, आणि त्या कारखान्यात १८३२ पासून काही वर्षं रॉबर्ट स्टीफन्सनचीच भागीदारी होती. ती गाडी चालवणाऱ्या जीआयपी रेल्वेचा सल्लागार इंजिनिअरही तोच. तेव्हा घराणं एकच. पण आधी हिचा रिव्हर्स वाफेवर लागू दे. गरम झाल्यावर ते पातळ तेल टिकेल का, याची मला खात्री नाही. स्टीम ऑइल आणि नमदा एकत्र वापरून पाहिलेलं कुणी असेल तर स्ट्रॅप कापायच्या आत सांगा, रविवारी सकाळी लेथ सुरू करतोय.