नासर्डीतले किडे

नासर्डी नदी म्हटलं की नाशिककराचा हात आधी नाकाकडे जातो. कागदोपत्री ती नंदिनी. एमएस्सीच्या प्रोजेक्टला मी तिच्यातले किडे घेतले, तेव्हा आईने स्वयंपाकघरातला पांढरा ट्रे मला कायमचा देऊन टाकला.

जागा दोन. एक वर बेळगाव ढगा गावाकडे, दुसरी थेट नासर्डी पुलाखाली. दिवाळीनंतर गेले, पावसाळ्यात पूर सगळंच धुऊन नेतो.

जाळी प्रवाहाच्या खालच्या अंगाला उभी धरायची आणि तिच्या वरच्या अंगाला पायाने तळ ढवळायचा, म्हणजे सुटलेले जीव वाहत जाळीत येतात. पहिल्या दिवशी मी उलट्या बाजूला उभी होते. जाळीत एक पान आलं. धुणं धुणाऱ्या मावशी म्हणाल्या, "पोरी, पाणी तिकडून येतंय!"

ट्रेमध्ये ओतलं की आधी नुसता काडीकचरा दिसतो. हलवायचं नाही, थांबायचं. मग त्यातलीच एखादी काडी चालायला लागते. वाळूचे कण चिकटवून केलेली बारीक नळी, तिच्या तोंडातून बाहेर सहा पाय : कॅडिसफ्लाय या पतंगासारख्या किड्याची अळी. शेजारी मेफ्लाय या नाजूक पंखांच्या किड्याची चपटी पिल्लं, शेपटीला तीन दोरे, पोटाच्या कडेचे कल्ले सारखे थरथरणारे.

पुलाखाली ट्रे रिकामा येणार, अशी माझी खात्री होती. तो भरून आला. लालभडक शेवयाच वळवळत होत्या जणू. या चिलटासारख्या माशीच्या अळ्या. अंगात हिमोग्लोबिन, त्यामुळे प्राणवायू नसल्यात जमा असलेल्या गाळातही तग धरतात. सोबत गांडुळांचे बारीक भाऊबंद, बाकी कोणी नाही. सापडलेल्या जीवांवरून पाण्याचा दर्जा ठरवायच्या बीएमडब्ल्यूपी पद्धतीत (जास्त गुण म्हणजे पाणी स्वच्छ) गुण कुळाला मिळतात, डोक्यांना नाही. दगडाला चिकटणाऱ्या चपट्या मेफ्लायला १०, लाल अळ्यांना २, गांडुळांना १. शेकडो जीव मोजून डोळे दुखले आणि पुलाखालची बेरीज ३.

खरी फजिती बाटल्यांनी केली. ७० टक्के अल्कोहोलमध्ये जीव टाकले की त्यांच्या अंगातल्या पाण्याने ते पातळ होतं, दुसऱ्या दिवशी बदलावं लागतं. मी शनिवार-रविवार लग्नाला गेले. सोमवारी वरच्या जागेच्या मेफ्लाय लिबलिबीत, पाय-शेपट्या गळून तळाशी. ओळख पटवायची कशावरून? सगळं पुन्हा करावं लागलं. आतली चिठ्ठी पेन्सिलीची, तेवढी शाबूत होती : 'जागा १'.