दुसरीवरून पाचवी

घोड्यांच्या प्रदर्शनात आमची बछेरी पाचवी आली याचं काही नाही. दुसरी उभी होती आणि पाचवी झाली, ते टोचतंय. उभी करून पाहिली तेव्हा परीक्षकांनी तिला स्वतः हात करून दुसऱ्या जागी घेतलं. मग वीस-पंचवीस पावलं सरळ लांब, वळून परत, आणि एकदा दुडकी. परत रांगेत आली ती तीन जागा खाली. मधे कोणी काही बोललं नाही.

दादाचं ठरलेलं उत्तर आहे, "ओळखीपाळखीचं असतं सगळं." तसं मानलं तर झोप तरी लागेल. पण ओळखच चालवायची असती तर आधी दुसरीला घेतलीच कशाला?

उभ्याने बघायचं ते सगळं हिच्याकडे आहे. कान आत वळून टोकाला टोक भिडतात, मान खांद्यातून नीट वर निघते, दातांवर दात बसतात, वरचा जबडा पोपटासारखा पुढे आलेला नाही. कपाळावर पट्टा, चारही पाय पांढरे, म्हणजे पंचकल्याणी. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात पंचकल्याणी म्हटलं की गिऱ्हाईक आधी मानेवर देवमण, म्हणजे शुभ मानलेला केसांचा भोवरा, शोधतं, पाय नंतर बघतं. पण भोवऱ्यावर घोडा चालत नाही, आणि परीक्षकाला चाल बघायची असते.

ही उतरली त्या अदंत, म्हणजे दुधाचे दात अजून न पडलेल्यांच्या, गटाचीही एक गंमत आहे. दुधाच्या दातांची पहिली जोडी अडीच वर्षांच्या सुमारास पडते. म्हणजे सात-आठ महिन्यांचं शिंगरू आणि सव्वादोन वर्षांची भरलेली बछेरी एकाच रांगेत. वर्षाच्या वयात उंची मोठेपणीच्या साधारण ९० टक्के झालेली असते, वजन मात्र दोन तृतीयांशच. त्यामुळे दीड वर्षाची आमची म्हणजे नुसते पाय. शेजारी छाती भरलेली, पुठ्ठा, म्हणजे मागचा भाग, गोल झालेली उभी राहिली की ही कुपोषित दिसते. कोण बिचारा परीक्षक मनात वयाचा हिशोब करत बसेल? असं दुपारभर घोळवलं. स्वतःची कीव करायला वयाचा मुद्दा फार सोयीचा आहे. फक्त तो उभं असतानाही तितकाच लागू होता.

संध्याकाळी व्हिडिओ संथ करून पाहिला.

बछेरी एकसारखी वाढत नाही. आधी पुठ्ठा उचलतो, मग काही महिन्यांनी खांद्याचा उंचवटा त्याला गाठतो. आमची सध्या मागून दोन बोटं उंच आहे. उभी करताना पुढचे पाय जरा उंचवट्यावर आले की ते झाकतं. चालताना झाकत नाही. उतारावरून चालल्यासारखा भार पुढच्या पायांवर येतो. त्यात कान दिसावेत म्हणून दोरीने डोकं वर ओढून धरलेलं. डोकं वर गेलं की पाठ खाली बसते, पाठ बसली की मागचा पाय पोटाखाली येत नाही. मोकळ्या चालीत मागचा खूर पुढच्याच्या ठशावर किंवा त्याच्याही पुढे पडायला हवा. हिचा चार बोटं मागे पडत होता. परीक्षक बाजूला उभे होते. त्यांना ते व्हिडिओशिवाय दिसलं असणार.

आणि पुढून येताना डावा पाय किंचित आत फेकते. अरुंद छातीच्या पोरसवद्या जनावरात खुरांची टोकं बाहेर असतात, छाती भरली की बरीचशी सरळ होतात. पण परीक्षक पुढच्या वर्षीची छाती मोजत नाहीत. समोर आहे तेवढंच बघतात.

तिला सांभाळणारा मोतद्दार म्हणाला, नालबंदाकडून खुराची एक कड जरा जास्त घासून घेऊ, पाय सरळ दिसेल. नाही. घोट्याजवळची हाडाची वाढ पहिल्या तीन-चार महिन्यांतच जवळजवळ आटोपते. तो बाक सुधारायचा तर तेव्हाच. आता खूर वाकडा घासला की हाड सरळ होत नाही, फक्त सांध्यावर एका बाजूने ताण येतो. दर पाच-सहा आठवड्यांनी समतोल घासणं, तेही प्रदर्शनाच्या आठ-दहा दिवस आधी, म्हणजे खूर हुळहुळे राहणार नाहीत. बास.

 

खरी पंचाईत खुराकाची आहे. चमक यावी, भरावी म्हणून गव्हाचा कोंडा आणि हरभरा भरपूर चाललाय. कोंड्यात फॉस्फरस फार, कॅल्शियम नावाला. वाढत्या हाडांना फॉस्फरसपेक्षा कॅल्शियम जास्त लागतं, साधारण दीडपट. उलटं झालं की शरीर हाडातलंच कॅल्शियम काढून घेतं. वर दाण्याने वजन भराभर चढलं की गुडघ्याच्या वर, घोट्याजवळ टणक सूज धरते आणि पाऊल आखडतं. हिच्या उजव्या गुडघ्यावर हात फिरवला. जरासं गरम लागतं की मलाच तसं वाटतंय, कळेना. उद्या डॉक्टरांना दाखवायचं.

तोवर कोंडा बंद, हरभरा निम्मा, लसूणघास वाढवायची, मीठ-खनिज चालू. रोज अर्धा तास सैल दोरीवर सरळ चालवायची, डोकं तिला हवं तिथे ठेवू द्यायचं. दर महिन्याला काठी लावून खांदा आणि पुठ्ठा दोन्ही मोजायचे. पुढच्या मोसमात तिचे दोन दात आलेले असतील आणि गटही वेगळा असेल, म्हणजे आजचा पाचवा नंबर तिथे कोणी विचारणार नाही. दुसराही विचारला नसता म्हणा.

कोंडा बंद केल्याचं आण्णांना कोण सांगणार, हे मात्र अजून ठरलेलं नाही. दादाला पुढे करावं झालं.