कोपरापासून नमस्कार

मी स्पीच थेरपिस्ट आहे. लोकांना वाटतं आम्ही फक्त तोतरेपणा घालवतो, पण माझ्याकडे येणारे बरेचसे पेशंट मोठ्या वयाचे, मेंदूच्या आजारामुळे भाषा गेलेले किंवा हळूहळू चाललेले. या कामात बाहेरच्यांना कळत नाही अशी एकच गोष्ट सांगते, आमचा निम्मा दिवस चित्रांची कार्डं मांडण्यात आणि उचलण्यात जातो.

या कार्डांची एक उतरंड असते. आधी खरी वस्तू, मग फोटो, मग रेषांचं चित्र, मग नुसता शब्द, आणि अगदी शेवटी म्हणी, वाक्प्रचार, 'न्याय', 'जबाबदारी' वगैरे. मूर्त ते सोपं, अमूर्त ते अवघड. यामागे कारणंही शिकलेलो असतो. मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन पैवियोनं १९७१ मध्ये मांडलं की 'शिडी' या शब्दाला डोक्यात दोन मुठी असतात, एक शब्दाची आणि एक चित्राची, 'सवलत'ला एकच, म्हणून शिडी पटकन हाताला लागते. त्याआधी मेंदूतज्ज्ञ कुर्ट गोल्डस्टाइननं पहिल्या महायुद्धात डोक्याला जखमा झालेले सैनिक तपासून सांगितलं होतं की मेंदूला मार बसला की अमूर्त विचार आधी ढासळतो. मी हे सगळं घोकून पास झाले आणि पुढे बारा वर्षं याच क्रमानं कार्डं मांडली.

मग एक काका आले, मुलीबरोबर. आयुष्य करारांचे मसुदे तयार करण्यात गेलेलं, आता निवृत्त. चिठ्ठीवर 'शब्द आठवत नाहीत' एवढंच. बोलणं ऐकाल तर झुळझुळ, व्याकरण चोख, फक्त नाम यायची वेळ आली की 'ती वस्तू', 'ते आपलं हे'. मी नेहमीप्रमाणे तळापासून सुरुवात केली आणि तीन आठवडे त्यांना कात्री, शिडी, बदक, कासव दाखवत बसले. मुलीनं घरी भिंतीवर लहान मुलांचे तक्ते लावले, कारण नातेवाईक ते करतातच, कितीही समजावलं तरी. आणि आमच्या सिनियरांनी फाईल चाळून 'मोटिव्हेशन कमी' असा शेरा मारला. हा शेरा म्हणजे आमच्या धंद्यातलं सरसकट औषध आहे, पेशंट सुधारत नसला की चूक पेशंटची.

त्या दिवशी मी कासवाचं कार्ड ठेवलं. काका म्हणाले, "प्राणी आहे कुठलातरी." मी हिंट दिली, "का..." साधं शब्द न सापडणं असेल तर पहिलं अक्षर मिळाल्यावर शब्द बहुतेकदा बाहेर पडतो, आणि नाही पडला तरी माणूस चडफडतो, हातानं पाठीची ढाल दाखवतो, 'तो हळू चालणारा' म्हणतो. यांचं तसलं काही नाही. "का... कागद?" मग चार चित्रं ठेवून विचारलं, यातलं कासव कुठलं? चुकीचं दाखवलं. मग शब्द लिहून दिला. तो त्यांनी खणखणीत वाचला, कासव, आणि माझ्याकडे बघून शांतपणे विचारलं, "म्हणजे काय?"

इथे जरा थांबते, कारण नुसता शब्द नाही तर अर्थच गेलाय हे माझ्या तीन आठवडे लक्षात आलं नव्हतं, त्याचं एक कारण आपली लिपी आहे. इंग्रजीत स्पेलिंगशी उच्चार न जुळणारे शब्द असे पेशंट चुकीचे वाचायला लागतात आणि तिथे शंका येते. देवनागरीत लिहिलंय तसं वाचायचं, अर्थ कळायची गरजच नाही. काका रोज पेपर मोठ्यानं वाचायचे, घरातले खूश, मीही खूश.

मी कार्डांचा दुसरा गठ्ठा काढायला लागले तर ते हात जोडून म्हणाले, "मॅडम, तुमच्या या पत्त्यांना आता माझा कोपरापासून नमस्कार."

मुलगी ओशाळली. मला हसू आलं, आणि हसता हसता सहज म्हणून विचारलं, "काका, कोपर दाखवा बरं." त्यांनी स्वतःच्या अंगाकडे पाहिलं. खांद्याला हात लावला, मग गुडघ्याला, मग म्हणाले, "आधी माहीत होतं मला हे." आणि कोपरापासून नमस्कार म्हणजे? "लांबूनच टाळणं. संबंध नको, पण भांडणही नको."

मग मी सगळी उतरंड बाजूला ठेवली आणि सुचतील तसे शब्द विचारत गेले. सुई? "नाही येत." सवलत? "नियम तसाच ठेवून एखाद्याला दिलेली सूट." हातोडा? "वस्तू असावी." तडजोड? "दोघांनीही थोडं सोडायचं, पण सोडलं असं दोघांनीही बोलायचं नाही." (ही व्याख्या मी पुढे दोनतीन ठिकाणी स्वतःची म्हणून वापरलीय.) शिडी? नाही. संकोच? आला. म्हणजे माझ्या शिडीच्या वरच्या पायऱ्या शाबूत आणि खालच्याच गेलेल्या, आणि मी त्यांना तीन आठवडे रोज पहिल्या पायरीवर चढा म्हणत होते.

असे पेशंट जगात नोंदलेले आहेत. मेंदू आणि स्मृतीवर संशोधन करणाऱ्या एलिझाबेथ वॉरिंग्टननं १९७५ च्या पेपरात असाच एक माणूस दाखवला होता ज्याला अवघड अमूर्त शब्दांचे अर्थ सांगता यायचे आणि साध्या वस्तूंचे नाही. मी तो प्रकार परीक्षेपुरता वाचला होता. नंतर एमआरआय झाला, डाव्या टेम्पोरल लोबचं, म्हणजे मेंदूच्या कानाजवळच्या भागाचं, पुढचं टोक सुकलेलं. सिमँटिक डिमेन्शिया, शब्दांचे आणि वस्तूंचे अर्थच हळूहळू पुसणारा आजार. पण या आजारातही सगळ्यांचं असं उलटं होत नाही, बहुतेकांना मूर्तच सोपं राहतं. यांचं असं का, याचा माझ्यापुरता अंदाज एवढाच, की कासव टिकायला त्याचा आकार, पाठ, चाल हे सगळं आत शिल्लक लागतं, आणि सवलत दुसऱ्या शब्दांच्या आधारानं उभी असते, आणि या माणसानं चाळीस वर्षं तसलेच शब्द एकमेकांवर रचले होते.

डायग्नोसिसच्या आधीच त्याच दिवशी चित्रंही काढून घेतली. समोर ठेवून बदक काढा म्हटलं तर सुरेख काढलं. चित्र उचललं, थोडा वेळ जाऊ दिला, आता आठवून काढा. चार पायांचं बदक आलं. उंट आला तो पाठीवरची मदार नसलेला. या आजारात हे नेहमी दिसतं, वेगळेपण आधी पुसलं जातं आणि उरतो तो एक सर्वसाधारण प्राणी. आमची इंटर्न चित्रकार आहे, ती म्हणाली हे पिकासोच्या बैलासारखं होतंय. त्यानं १९४५ चा डिसेंबर आणि १९४६ चा जानेवारी मिळून एकाच दगडावर बैलाच्या ११ अवस्था छापल्या, आधी भरदार बैल आणि शेवटी मोजक्या रेषा. मला आधी पटलं, मग घरी जाऊन ती चित्रं बघितली तर अजिबात पटेना. शेवटच्या बैलाला शिंगं आहेत. सगळं काढून टाकलं तरी बैलाला बैल करणारं त्यानं सोडलेलं नाही. काकांचा उंट मदारच आधी टाकतो. दोघंही कमी करत जातात पण एकाला काय ठेवायचं ते माहीत आहे. मग काकांच्या 'प्राणी'ला अमूर्त म्हणायचं का? आणि नसेल म्हणायचं तर त्यांची तडजोडीची व्याख्या कुठून आली? अजून नीट लागलेलं नाही मला हे.

उपचार म्हणाल तर बरं करणारं काही नाही. ठराविक शब्द रोज घोटले तर काही काळ टिकतात, सोडले की जातात, आणि एक शिकला म्हणून दुसरा येत नाही. त्यातही घरची, हाताळलेली वस्तू जास्त टिकते. माझी कात्री त्यांना वस्तू होती, स्वतःची कात्री हातात दिली तर कागद सरळ कापला. म्हणून छापील कार्डं बंद, घरातल्याच वस्तूंचे फोटो, आणि एक वही, ज्यात प्रत्येक शब्दाचा अर्थ काकांनी त्यांच्या भाषेत लिहायचा. तक्ते मुलीनं स्वतःहून काढले. सिनियरांचा शेरा फाईलमध्ये अजून तसाच आहे.

परवा वही बघितली. कोपर: 'शरीराचा भाग, ज्यापासून नमस्कार केला जातो, संख्या दोन.' मी म्हटलं, दाखवा. त्यांनी ओळ वाचली, दोन्ही हात जोडले, आणि मग एक हात सोडवून बोटाच्या टोकापासून दुसऱ्या हातावर हळूहळू वर सरकायला लागले. मनगटावर आले आणि थांबले. माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, अजून पुढे.